पिशवी फुटली तर?

कुठे चार माणसं एका वेळी बोलायला लागली की लोक म्हणतात, "काय मासळीबाजार मांडलाय!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतात, टीव्हीवर म्हणतात, शाळेत बाई पोरांना म्हणतात. माझा जन्म मासळीबाजारात गेला. आमचं नक्की काय चुकतं ते मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं. आम्ही ओरडतो, हे कबूल. पण आमच्याकडे माल उघडा असतो. गिऱ्हाइकाने विचारलं की आम्ही माशाचे कल्ले उघडून दाखवतो, लाल असले तर मासा ताजा. डोळा दाखवतो, पोट दाबून दाखवतो. पटलं तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. जिथे कुणाचा आवाज चढत नाही, एसी असतो आणि टेबलावर फुलदाणी असते, तिथे माल कसा खपवतात ते मी गेल्या वर्षी पाहिलं. ते लिहायला मिळेल म्हणूनच मी या दिवाळी अंकाला हो म्हटलं. संपादकांना बाजारातल्या गमती हव्या होत्या. त्या मधूनमधून येतील. राग आधी.

मी ठाण्याच्या बाळकुमची, कोळ्यांची मुलगी. आई खाडीची मासळी विकायची. पुढे खाडी नासली, मासळी गेली, आणि आमच्या जाळी वाळवायच्या जागेवर आता लोक गाड्या लावतात. मी नौपाड्यात फुटपाथवर पाटी घेऊन बसले. हाकललं की उठायचं, पालिकेची गाडी गेली की परत बसायचं. तिथून बाजारात गाळा घेतला, डोंबिवली-कल्याणचे केटरर धरले. कुणाचा हात धरून वर आले नाही, त्यामुळे कुणापुढे मान खाली घालायची सवयही लागली नाही.

आमचा धंदा बाहेरच्यांना वाटतो तसा ताकदीचा नाही, तो "नाही" म्हणण्याचा आहे. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मी "नाही" म्हणते आणि पापलेट परत बर्फात टाकते. गिऱ्हाईक पाठ फिरवतं. मी दुसरीकडे बघते. ते थोडं पुढे जातं, वळतं, थोडं वाढवतं, मी थोडं सोडते, आणि दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जातो. हे झालं भावातलं "नाही". यात खोटं काही नाही, गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. दुसरं असतं खरं "नाही". मासा उतरलेला असेल आणि घरात बाळंतीण असेल, तर मी सरळ सांगते, आज नेऊ नका. नौपाड्यातल्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना या दोन "नाहीं"मधला फरक माझ्या आवाजावरून कळतो, असं मी समजत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मासा साफ करताना पोटात काळजाला चिकटून एक हिरवी पिशवी लागते. ती पित्ताची. लहान माशात चिंचोक्याएवढी, मोठ्या रोहूत द्राक्षाएवढी. ती अख्खी निघाली पाहिजे. फुटली की हिरवं पाणी मांसात उतरतं आणि कालवणाचं भांडं कडू होतं. मी पहिल्यांदा विळीवर बसले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "बाकी कसापन काप, पन पित्ताला नख लावू नको गो." चुकून फुटलीच तर लगेच मीठ चोळायचं, धार धरून धुवायचं, परत धुवायचं. मग मासा वाचतो. हात बसला तरी ती पिशवी आली की आजही मी बोलायची थांबते. माझ्यासारखी बाई बोलायची थांबते, यावरून समजा.

तर गेल्या वर्षी गटारीला, आषाढातल्या शेवटच्या रविवारी, बाजार खचाखच भरलेला असताना माझ्या उजव्या कुशीत वर, बरगडीखाली असा गोळा आला की हातातली सुरमई खाली पडली. कळ पाठीतून खांद्यापर्यंत गेली. वाटलं, पोट बिघडलं. दोन-तीनदा तसंच झालं तेव्हा मुलीने, संगीताने, सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे. एक नाही, बरेच.

आधी गेले ठाण्यातल्या एका मोठ्या, काचेच्या हॉस्पिटलात. डॉक्टर तरुण, हुशार, घड्याळ भारी. रिपोर्टकडे बघत म्हणाला, "उद्या ॲडमिट व्हा. परवा दुर्बिणीतून काढून टाकू. आज ठरवलंत तर बरं, पुढच्या आठवड्यात मला जागा नाही."

मी हा आवाज ओळखला. माझाच होता तो. "ताई, आत्ता घेतलात तर घेतलात, संध्याकाळी रावस राहायचा नाही," हे मी रोज म्हणते, आणि संध्याकाळी रावस असतो.

मी म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? एवढ्याशा भोकातून ओढताना ती पिशवी आत फुटली तर?"

"काही होत नाही. टेन्शन घेऊ नका."

"पण फुटली तर काय करता?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. फॉर्मवर माझा धंदा वाचला असावा. हसला आणि म्हणाला, "मावशी, मासे तुम्ही कापा. माणसं आमच्यावर सोडा."

मी म्हटलं, "माझ्याकडे गिऱ्हाइकाने विचारलं तर मी मासा उघडून दाखवते. तुमच्याकडे माझंच पोट, आणि मी विचारायचंसुद्धा नाही?" आणि उठले. संगीता मागून "आई, बस ना गं" करत होती. रिक्षात बसेपर्यंत मी बोलत होते. रिक्षावाल्याने मीटर टाकायच्या आधी विचारलं, "भांडण झालं काय मावशी?"

आज मला माहीत आहे, ऑपरेशन कर म्हणाला ते बरोबर होतं. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट माल गोड बोलून खपवणारे मी पुष्कळ बघितलेत. हा चांगला माल इतक्या वाईट तोंडाने विकत होता की गिऱ्हाईक पळालं. आणि पळालेलं गिऱ्हाईक कुठे जातं? जिथे कुणी गोड बोलतं तिथे.

माझ्या बाबतीत ते ठिकाण डोंबिवली. संगीताची सासू, म्हणजे माझी विहीण, मायाळू बाई. तिने एका बाटलीतून काढा आणला. तिच्या भाच्याचा मुतखडा त्याने पडला होता म्हणे. मी विचारलं, "विहीणबाई, त्याचा खडा लघवीतून पडला. माझा खडा त्या वाटेवर आहे का?" ती म्हणाली, "खडा तो खडाच." विहिणीशी भाव करता येत नाही. मुलगी तिच्या घरात नांदते. आठवडाभर काढा प्यायले. मग तिने मोबाइलवर आलेला दुसरा उपाय आणला: सफरचंदाचा रस, मग एक भलामोठा पेला तेल आणि लिंबू, उपाशीपोटी. सकाळी खडे पडतात, हिरवे हिरवे. पडले. कसं बघितलं ते विचारू नका, दिवाळी अंक लोक फराळाच्या ताटाशेजारी वाचतात. एवढंच सांगते की ते उन्हात ठेवल्यावर पाघळले. खडा पाघळतो होय? ते तेलच होतं, पोटात गोठलेलं. तरी खात्री करायला परत सोनोग्राफी केली. माझे खडे जागच्या जागी, मजेत.

आता कर्णिक साहेबांकडे येते. नाव बदललं आहे, पण त्यांच्या घरी वाचतील तेव्हा समजेल, आणि समजावं. कर्णिक साहेब नौपाड्यातले, बँकेतून निवृत्त, मी पाटीवर बसायची तेव्हापासूनचे माझे गिऱ्हाईक. मासा ओळखावा तर त्यांनी. पापलेट हातात न घेता, नुसतं वाकून बघून सांगायचे, "हिरा, हे कालचं." असायचंही. भाव करायला बसले की शेजारच्या बायका विळ्या थांबवून ऐकायच्या. त्यांनाही खडे निघाले होते, माझ्या आधी. दुखायचं, पण सुरीला घाबरायचे. माझं कळल्यावर म्हणाले, "चला, आता आपला क्लब झाला."

श्रावण लागला. श्रावणात नौपाडा मासे सोडतो, बाजार ओस पडतो. गोड्या पाण्यातला रोहू-कटला खाणारी मंडळी तेवढी येतात. अशा दिवसांत एका सकाळी कर्णिक साहेब समोर उभे. मी उडालेच.

"साहेब, श्रावणात?"

"मासा नकोय. हिरा, रोहू आहे का गं?"

जन्मात या माणसाने गोड्या पाण्यातल्या माशाकडे बघितलं नव्हतं. "चिखलाचा वास येतो" म्हणायचे. मी म्हटलं, "कुणासाठी?"

"रोहू नकोच. त्याचं पित्त हवंय. अख्खी पिशवी. केळ्यातून गिळायची. खडे विरघळतात. सकाळच्या फिरण्यातल्या एकाला गुण आलाय. श्रावण मोडत नाही, औषध आहे."

मी हातातली विळी खाली ठेवली. "साहेब, ते विष आहे. आम्ही ते मांजरालासुद्धा टाकत नाही."

"अगं, कडू असतं ते औषधच असतं. बोल, काय घेशील?"

"नाही देणार."

"बरं, अख्खा रोहू घेतो. मासा तू ठेव, पिशवी मला दे."

"साहेब, नाही म्हणजे नाही."

"हिरा, एवढी वर्षं तुझ्याकडे येतो. माझ्याशी असं?"

"म्हणूनच नाही."

शेजारच्या बायका थांबल्या होत्या. त्यांना वाटलं, नेहमीचा खेळ. कर्णिक साहेब वळले आणि चालू लागले. मी आवाज दिला, "साहेब, गिळू नका हां!" त्यांनी मागे न बघता हात हलवला. तो हात मला आठवतो. भाव तुटल्यावर ते नेहमी तस्साच हात हलवायचे.

त्यांनी ते दुसरीकडून घेतलं. कुणी दिलं ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. त्या माणसाला माझ्या तोंडून जे ऐकायला हवं होतं ते त्याने भर बाजारात ऐकलं आहे.

नंतर काही दिवसांनी वहिनी, म्हणजे मिसेस कर्णिक, बाजारात आल्या. केस विस्कटलेले. माझ्या गाळ्यासमोर उभ्या राहून ओरडल्या, "तुम्ही लोक काहीही विकता! माणसाचा जीव गेला तरी तुम्हाला काय!" साहेबांना उलट्या, जुलाब, मग लघवीच बंद. किडन्या थांबल्या होत्या. हॉस्पिटलात मशिनवर रक्त धुऊन घेत होते.

मी अशी बाई आहे की कुणी एक शब्द बोललं तर चार परत देते. त्या दिवशी एकही दिला नाही. हात धुतले, साडी बदलली आणि वहिनींबरोबर हॉस्पिटलात गेले.

साहेब कॉटवर अर्धे झाले होते. चेहरा सुजलेला. मला बघून डोळे मिटले. वहिनी म्हणाल्या, "बघा, काय करून ठेवलंत."

साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "हिने नाही दिलं गं. हिने नाही म्हटलं होतं."

"मग ऐकलं का नाहीत?" हे मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तू भाव वाढवत्येस."

बाहेर येऊन मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. एवढा राग मला आयुष्यात आला नसेल, आणि कुणावर काढावा ते कळेना. भाव करणं हा माझा धंदा आहे, त्याची मला लाज नाही. पण जीव जाण्यासारखी गोष्ट मी ओरडून सांगत होते आणि बाजारातल्या सगळ्यात जाणत्या गिऱ्हाइकाला त्यात पैसे ऐकू आले. मग त्या काचेच्या हॉस्पिटलातला पोरगा आठवला. त्याने "उद्याच या" म्हटलं तेव्हा मलाही पैसेच ऐकू आले होते. फरक एवढाच की मी साहेबांना कारण सांगितलं होतं. त्याने मला सांगितलं नाही. विचारलं तरी सांगितलं नाही. तो फरक मी सोडणार नाही.

तिथूनच संगीताला फोन केला. "डॉक्टर शोध. पण माझ्या प्रश्नाला उत्तर देणारा."

तिने कल्याणची एक सर्जन शोधली. बाई, माझ्याहून थोड्या लहान, टेबलावर फुलदाणी नाही. त्यांनी आधी पोट तपासलं, कळ कशी येते ते विचारलं, मग दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. तेल-लिंबाचं सांगितलं तेव्हा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरेच जण करून येतात. खडा त्याने पडत नाही, काढ्यानेही नाही. ज्यांना काही त्रासच नाही, त्यातल्या बहुतेकांना मी थांबा म्हणते. तुम्हाला कळा येतात. त्या परत येणार. एखादा खडा नळीत सरकला तर कावीळ होईल, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येईल, आणि मग घाईत ऑपरेशन करावं लागेल. ते मला नकोय."

मी म्हटलं, "एक विचारायचंय."

"विचारा."

"काढताना पिशवी आत फुटली तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फुटते."

संगीताने माझा हात धरला. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "दर वेळी नाही, पण फुटते. तुमची सुजलेली दिसते, म्हणजे शक्यता जास्त. फुटली तर पित्त ओढून घ्यायचं, सांडलेले खडे वेचायचे, धुवायचं, परत धुवायचं."

"आम्ही मीठ चोळतो."

"आम्हाला चोळता येत नाही." आता त्या हसल्या. "पण ज्याने धुतो ते मिठाचंच पाणी असतं. सलाईन म्हणजे दुसरं काय?"

मग त्यांनीच पुढचं सांगितलं, मी न विचारता. दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल. पिशवी गेली तरी पित्त तयार होतं, ते लिव्हरमध्ये होतं, पिशवी फक्त साठवते. सुरुवातीला तेलकट खाल्लं तर पोट बिघडेल. "आणि घाई नाही. घरी जाऊन विचार करा. पण विचार म्हणजे परत काढा नव्हे."

भाव केल्याशिवाय उठणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "काढल्यावर पिशवी मला बघायची आहे."

"ती तपासणीला जाते."

"आधी मला, मग तपासणीला."

"तुम्ही तेव्हा गुंगीत असाल. तुमच्या मुलीला दाखवीन. फोटो काढू दे तिला."

"आणि खडे?"

"खडे बाटलीत घालून देईन."

"आणि फुटली तर मला सांगायचं. लपवायचं नाही."

"कबूल."

सौदा झाला. संगीता नंतर म्हणाली, "आई, तू भाजी घेतल्यासारखं ऑपरेशन घेतलंस." भाजी मी अशी घेत नाही. भाजीवाल्याला मी इतका वेळ देत नाही.

गणपतीच्या आधी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला, "फुटली?"

"फुटली. ओढताना. सगळं धुतलं. खडे मोजून नाही, पण नीट बघून वेचले. दुर्बिणीतूनच झालं."

ते ऐकून मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी उठले. फुटली नाही म्हणाल्या असत्या, तर रात्रभर जागी राहिले असते.

गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं सगळं उलटून नौपाडा परत मासे खायला लागला तेव्हा मीही गाळ्यावर बसले. खड्यांची बाटली तराजूशेजारी ठेवली. कुणी खड्याला काढा विचारला की बाटली हातात देते आणि कल्याणचा पत्ता सांगते. कुठल्याही डॉक्टरकडे जा, पण काय बिघडू शकतं ते विचारा. काहीच बिघडत नाही म्हणाला तर खुर्ची सोडा. एका बाईने विचारलं, "कमिशन मिळतं वाटतं?" तिला मी काय म्हटलं ते छापता येणार नाही.

आणि मग एका रविवारी कर्णिक साहेब आले. किडन्या बऱ्या झाल्या होत्या. सदरा सैल झाला होता, हातात तीच कापडी पिशवी. वाकून पापलेटकडे बघितलं. "हिरा, आजचं आहे."

"आजचंच आहे. आणि तुमचे खडे?"

"आहेत. मधे दुखलं परत. किडनीवाले डॉक्टर म्हणतात, आता तब्येत बरी आहे, काढून घ्या. पण आत्ताच त्यातून उठलोय गं. दिवाळी जाऊ दे. थोडं थांबावं म्हणतो. कुणीतरी एक होमिओपॅथीचं..."

मी त्यांच्यासमोरचं पापलेट उचललं आणि परत बर्फात टाकलं.

"साहेब, तुम्हाला मासा नाही."

"काय गं? सांग की भाव."

"नाही."

शेजारच्या बायकांच्या विळ्या थांबल्या. साहेबांचा हात खिशाकडे गेला, पण मधेच थांबला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कल्ले तपासावेत तसे. मीही दुसरीकडे बघितलं नाही, नेहमी बघते तशी. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिले.

मग त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली.

"त्या तुझ्या डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "कल्याणला नक्की कुठे बसतात?"